बाबांसाठी घाटावरची खिडकी

पत्र: “आम्ही साताऱ्याचे. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि गुडघे पार गेलेत. घरात काठी घेऊन फिरतात, पण जिने आणि लांबचं चालणं आता होत नाही. दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघतात. दूधवाला किती वाजता आला, कुणाकडे पाहुणे उतरले, सगळं त्यांना माहीत असतं. आई-बाबांना घेऊन काशी किंवा दार्जिलिंग करावं असं फार मनात आहे. काशीला एका हॉटेलात गंगेकडची खोली मागच्या खोलीच्या दुपटीहून महाग आहे. मिस्टर म्हणतात, ‘खोली झोपायला असते, दिवसभर तर बाहेरच असणार.’ बाबा म्हणतात, ‘माझ्यापायी खर्च नको, तुम्ही तिघं जाऊन या.’ नुसत्या खिडकीसाठी एवढे पैसे घालावेत का? आणि घालायचे तर कुठे?” – एक लेक, सातारा

ताई, पैसे घाला, आणि काशीत घाला.

तुमचे मिस्टर म्हणतात ते त्यांच्यापुरतं बरोबरच आहे. सकाळी सातला बाहेर पडून रात्री जेवूनच परतणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर गंगा असली काय आणि शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी असली काय, सारखंच. पण हा हिशेब चालत्या-फिरत्या माणसांचा झाला. तुम्ही आईला घेऊन विश्वनाथाला जाल, सारनाथला जाल, साड्या बघाल, आणि तेवढा सगळा वेळ बाबा खोलीत असतील. त्या खोलीतून जेवढी दिसेल तेवढीच त्यांची काशी. मागची खोली घेतलीत, तर एवढा लांबचा प्रवास करून त्यांनी एक भिंत आणि एक टीव्ही पाहिला असं होईल. त्यापेक्षा साताऱ्याची गॅलरी कितीतरी बरी, हे त्यांना कळतं. ‘तुम्ही जाऊन या’ असं ते म्हणतात, त्यामागे खर्चाच्या काळजीइतकंच हेही असेल, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

खोलीत अडकलेल्या माणसाला खिडकी काय देते, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण कामिय पिसारो या फ्रेंच चित्रकाराचं आहे. आयुष्यभर उघड्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून चित्रं काढणारा हा माणूस. म्हातारपणी डोळ्याचं दुखणं मागे लागलं, वारा आणि धूळ सोसेना. मग त्यानं हॉटेलांत खोल्या घ्यायला सुरुवात केली. १८९६ मध्ये रूआँ शहरात हॉटेलच्या खिडकीतून तिथले पूल आणि बंदर रंगवलं. १८९७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये बुलेव्हार मोंमार्त्र या मोठ्या रस्त्यावर दिसेल अशी हॉटेलची खोली घेतली आणि वसंतापर्यंत त्याच एका रस्त्याची चौदा चित्रं काढली. हिवाळ्यातल्या सकाळचा रस्ता, धुक्यातला, कोवळ्या उन्हातला, कार्निव्हलच्या मिरवणुकीनं फुललेला. त्यांतलं एक चित्र रात्रीचं आहे: पाऊस पडून गेलाय, दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर सांडलेत आणि कडेला घोडागाड्या रांगेनं उभ्या आहेत. त्या वेळी त्याचं वय ६६ होतं. त्याची पुष्कळ नावाजलेली चित्रं अशी खिडकीतनं काढलेली आहेत.

मिस्टरांना याहून कोरडा पुरावा हवा असेल तर तोही आहे. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाचं एकच ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीसमोर झाडं, निम्म्यांच्या समोर विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जहाल औषधं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण रुग्णालयं बांधणारे लोक आजही त्याचा दाखला देतात.

आता काशी की दार्जिलिंग. याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: बाबा रस्ता बघतात. खिडकीशी बसणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काहींना डोंगर, आभाळ, झाडं असं स्थिर काहीतरी लागतं, त्यानं त्यांचा जीव शांत होतो. काहींना माणसं लागतात. माझी आत्या दुसऱ्या प्रकारची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला घेऊन आम्ही पणजीला गेलो होतो आणि मांडवीच्या काठाची खोली घेतली होती. नदीचं पाणी, पलीकडचा हिरवा काठ, हे तिनं पाहुण्यासारखं पाहून घेतलं. मग तिला बेतीला जाणारी फेरीबोट सापडली. बोट धक्क्याला टेकायच्या आधीच स्कूटरवाले इंजिनं सुरू करून तयार, फळी खाली पडली की आधी त्यांची झुंबड, मग पायी चालणारे, मग सगळ्यात शेवटी गाड्या एकेक करून आत, आणि दोर सांभाळणारा पोऱ्या प्रत्येकाला हातानं पुढं-मागं करत उभा. संध्याकाळपर्यंत आत्याला कुठल्या फेरीला शाळेची मुलं असतात आणि कुठल्या फेरीला मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, हे पाठ झालं होतं. आम्ही मंगेशीहून परतलो तर आमच्यापेक्षा तिच्याकडेच सांगण्यासारखं जास्त होतं. तुमचे बाबा याच जातकुळीतले दिसतात.

दार्जिलिंगची खिडकी पहिल्या प्रकारच्या माणसासाठी. ८,५८६ मीटरचं कांचनजुंगा पहाटे गुलाबी होतं, मग सोनेरी, मग पांढरंशुभ्र. उत्तरेकडची खोली मिळाली तर ते पलंगावरून दिसतं, चारला उठून टायगर हिल गाठायची गरज पडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी याला तोड नाही. पण नऊ-दहापर्यंत बहुतेकदा ढग चढतात, आणि कधी कधी सबंध मुक्कामात शिखर दर्शन देत नाही. मग समोर राहतो तो पांढरा पडदा. शिवाय गाव सगळं चढ-उतारांचं, हॉटेलच्या दारात पोचायलाच पायऱ्या. गुडघे गेलेल्या आणि माणसं बघणाऱ्या बाबांना मी तिथे नेणार नाही.

काशीचं तसं नाही. तिथे गंगा उत्तरेकडे वाहते, सगळे घाट पश्चिमेच्या काठावर, पूर्वेला तोंड करून. समोरचा काठ जवळजवळ मोकळा, वाळूचा. त्यामुळे घाटावरच्या कुठल्याही चांगल्या खिडकीत सूर्य थेट पाण्यावरून वर येतो, आड काही नाही. पण सूर्योदय ही फक्त सुरुवात. त्याच्या आधी अंधारातच आंघोळीला माणसं उतरलेली असतात, नावाडी वल्ही घेऊन गिऱ्हाईक शोधत असतात, घाटिये, म्हणजे घाटावरचे पुरोहित, आपल्या मोठ्या छत्र्या उघडून बसतात. थंडीच्या दिवसांत पाण्यावर कुरव पक्ष्यांचे थवे असतात, नावेतून कुणी शेव उधळली की सगळे एकदम तिकडे झेपावतात. नऊनंतर खोलीत येणारं ऊन कडक होतं, तेव्हा पडदा ओढून घ्यायचा आणि बाबांनी झोप काढायची. दुपार कलली की सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाटावर सावली पडते. माझ्या मते ही वेळ पहाटेपेक्षा सरस आहे, आणि प्रवासी तिला फार कमी ओळखतात. पायऱ्यांवर धुतलेली धोतरं-चादरी वाळत पसरलेली, पोरांचं क्रिकेट चाललेलं, चेंडू पाण्यात गेला की एकजण सरळ उडी टाकतो. कुणी पतंग उडवतंय, कुणी म्हशी धुतंय, एखादं दक्षिणेकडचं कुटुंब पिंडदान आटोपून पायरीवर डबा उघडून बसलंय. हे सगळं बाबांना खुर्चीत बसून दिसेल आणि त्यात एक क्षण रिकामा जाणार नाही.

त्यांना आधी थोडं सांगून ठेवा, म्हणजे बघण्यात रस वाढेल. काशीचा हा काठ पुष्कळसा मराठी माणसांनी उभा केलेला आहे. विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधलं, त्यांच्या नावाचा घाटही आहे. भोसले घाट नागपूरकरांचा, शिंदे घाट ग्वाल्हेरकरांचा. मणिकर्णिका आणि शिंदे घाटाच्या मधलं रत्नेश्वराचं मंदिर एका अंगाला कललेलं आहे, वर्षातले काही महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. संध्याकाळी तुम्ही परत आलात की बाबांनी काय पाहिलं ते विचारा आणि त्याचं नाव त्यांना शोधून द्या.

एक मात्र बुकिंगच्या आधी पक्कं विचारून घ्या: खिडकीतून मणिकर्णिका किंवा हरिश्चंद्र घाट दिसतो का? तिथे चिता रात्रंदिवस जळतात आणि वारा फिरला की धूर खोलीत येतो. काही वृद्ध माणसांना त्या दर्शनानं बरं वाटतं, काहींचा जीव घाबरा होतो. आपल्या मनानं ठरवू नका, बाबांना आणि आईला दोघांनाही वेगवेगळं विचारा. कुणी एकानं जरी तोंड फिरवलं तरी दुसरी खोली बघा.

आता खोली पारखायची कशी, यावर थोडा वेळ घालवते, कारण खिडकीचे पैसे इथेच वाया जातात. ‘रिव्हर व्ह्यू’ या दोन शब्दांवर बिलकुल विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी नदी दिसते ती हॉटेलच्या गच्चीवरून, खोलीतून नाही. किंवा खोलीतून दिसते, पण मान वाकडी करून, दोन इमारतींच्या फटीतून. किंवा वेबसाइटवरचा फोटो काढल्यानंतर समोरच्यानं वर मजला चढवलेला असतो. आणि समजा नदी समोर आहे, तरी बाबा उभे राहून बघणार नाहीत, बसून बघणार आहेत. बाल्कनीचा कठडा बहुतेकदा पक्क्या भिंतीचा असतो, उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत. खुर्चीत बसलं की डोळ्यांसमोर फक्त तो कठडा आणि वर आभाळाचा पट्टा. म्हणून हॉटेलला फोन करून सांगा: खोलीतल्या खुर्चीत बसून, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून, आजचा व्हिडिओ पाठवा. चांगलं हॉटेल असेल तर पोऱ्या पाच मिनिटांत पाठवतो. जे टाळाटाळ करतात त्यांना सोडून द्या.

त्या व्हिडिओत बघायच्या गोष्टी: काचेला काळी फिल्म लावली आहे का (मग भर दुपारी संध्याकाळ वाटते). एसी नेमका त्याच खिडकीत बसवलाय का. माकडांच्या भीतीनं जाळी सगळीकडे असते, ती असू दे, पण जाड पत्र्याची नक्षी नको. आणि खुर्ची कसली आहे? मऊ, बुटका सोफा गुडघ्यांचा शत्रू, त्यातून उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. हात टेकायला दांड्या असलेली, उंच, साधी प्लॅस्टिकची खुर्ची हवी, आणि वर एक घट्ट उशी. जुन्या हवेल्यांत खिडकीशी गादी टाकून बसायची देखणी बैठक असते. ती तुम्हाला आवडेल, बाबांना ती उपयोगाची नाही.

मग पायऱ्या. घाटाला लागून असलेल्या बऱ्याच हॉटेलांपर्यंत गाडी जातच नाही, शेवटचा तुकडा गल्लीतून पायी. काहीजण ‘आम्ही बोटीनं आणतो’ म्हणतात, पण बोटीतून उतरल्यावर घाटाच्या उंच पायऱ्या चढायच्या असतात, ते बाबांना जमणार नाही. ‘लिफ्ट आहे का’ एवढ्या प्रश्नानंही भागत नाही, कारण लिफ्ट कधी कधी पहिला जिना चढल्यावर सुरू होते. असं विचारा: गाडीच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? आकडा सांगायला लावा. अस्सी घाटाच्या बाजूला गाडी बरीच जवळ येते, म्हणून शोध तिथून सुरू करा. तिथे पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ची आरती आणि गाणं असतं, लाउडस्पीकरवर. बाबा लवकर उठणारे असतील तर तो त्यांना सोहळाच वाटेल. झोप उशिरा लागत असेल, तर घाटापासून थोडी बाजूला असलेली खोली घ्या. सगळं ठरलं की खोलीचा नंबर कन्फर्मेशनमध्ये लिहून मागा, नुसता खोलीचा प्रकार नको. नाहीतर पोचल्यावर ‘तीच आहे मॅडम, फक्त मागच्या विंगमध्ये’ हे ऐकावं लागतं, आणि दमलेल्या बाबांसमोर तुम्ही भांडणार नाही.

पैशांचं गणित मी असं करीन. दोन्ही खोल्या गंगेकडच्या घेऊच नका. पुढची आई-बाबांना, मागची स्वस्तातली तुम्हा दोघांना, कारण मिस्टर म्हणतात तशी तुम्हाला खोली खरंच झोपायला हवी आहे. चहा, नाश्ता, गप्पा सगळं पुढच्या खोलीत. एवढं करूनही जड जात असेल तर एक रात्र कमी करा, पण खिडकी कमी करू नका.

आणि बाबांना भाडं सांगू नका. त्यांनी विचारलं तर ‘आम्हाला परवडतं’ एवढंच सांगा, आणि विषय बदला. आकडा एकदा डोक्यात बसला की ते खिडकीशी बसून घाट बघायचे नाहीत, तासाला किती रुपये पडले ते मोजत बसतील. त्या पिढीचं तसंच आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

एक गोष्ट मात्र खिडकीवर ढकलू नका. उत्तम खिडकी दिली म्हणजे बाबांना दिवसभर एकटं सोडायला मोकळीक मिळाली, असं होता कामा नये. पहाटेचा चहा सगळ्यांनी त्यांच्याजवळ बसून घ्या, घाईची सगळी कामं त्यानंतर. सारनाथच्या दिवशी दोघांपैकी एकानं मागे राहा. मिस्टर राहिले तर फारच उत्तम. सासरा-जावई एरवी एकमेकांशी जेमतेम बोलतात, पण दोघंही एकाच नावेकडे बघत असले की आपसूक बोलणं निघतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. हाताशी पाण्याची बाटली, औषधं, रिसेप्शनचा नंबर आणि जमलं तर एक साधी दुर्बीण ठेवा. दुर्बिणीनं बाबांचा दिवस दुप्पट मोठा होईल.

गंगेच्या अगदी जवळ जायची त्यांची इच्छा असेल, आणि असणारच, तर राजघाटाजवळच्या नमो घाटावर न्या. तिथे गाडी जवळ जाते आणि रॅम्प आहे. विश्वनाथाच्या दर्शनासाठी व्हीलचेअरची चौकशी आधीच करून ठेवा. आईच्या समाधानासाठी बाबांना मंदिराच्या रांगेत मात्र उभं करू नका.

राहता राहिला महिना. श्रावण-भाद्रपदात गंगा पायऱ्या गिळून वर येते, नावा बंद होतात, घाट दिसतच नाहीत. डिसेंबरअखेर ते जानेवारीत धुकं असं दाटतं की समोरचं पाणीही नाहीसं होतं, आणि खोल्या गारठलेल्या असतात. एप्रिलनंतर ऊन सोसवत नाही. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते. दृश्य अप्रतिम, पण खोल्यांचे भाव गगनाला भिडतात आणि गर्दीत वाहनं लांब अडवतात, म्हणून ती तारीख सोडून द्या. देवदिवाळी संपल्यापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ धरा. तो जमला नाही तर फेब्रुवारी, फक्त महाशिवरात्रीचे दिवस वगळून. रेल्वेचं तिकीट काढताना बाबांसाठी खालचा बर्थ मागा, आणि गाडी काशीला दिवसाउजेडी पोचेल अशी निवडा.